बीएस्सी नर्सिंगनंतर नागपुरात: एम्स, मेडिकल की गावातलं उपकेंद्र?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली की नागपूरकडच्या पोरींपुढे सरकारी नोकरीचे मुख्यतः तीन रस्ते असतात: मिहानचं एम्स, मेडिकल-मेयो (शहरातली राज्य सरकारची दोन वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं), नाहीतर जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. घरचे आधी पगार विचारतात. मी म्हणेन, आधी वय बघा. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा 30 वर्षं, राज्याच्या भरतीला 38 आणि मागासवर्गीयांना 43. तेव्हा नॉरसेट आधी. बाकीचे दोन रस्ते कुठे पळून जात नाहीत.

पण नॉरसेट म्हणजे नागपूर एम्सची परीक्षा, हा समज इथे फार पसरलाय. परीक्षा देशभरातल्या एम्ससाठी एकच असते आणि जागा मिळते गुण व पसंतीक्रमानुसार. मन नागपुरात आणि ऑर्डर भटिंडा किंवा कल्याणीची, असं सहज होतं. घर सोडायची तयारी नसेल तर हा पर्याय मनातून काढलेलाच बरा. 80 टक्के जागा महिलांसाठी असल्याने मुलांना इथे फार वरचे गुण लागतात. अभ्यासात भर नर्सिंगच्या विषयावर. राज्याच्या परीक्षेत मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन हेही येतं, त्यामुळे एकाच तयारीवर दोन्ही निघतील असं धरू नका.

एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 पासून सुरू होतं, मेडिकल-मेयोत अधिपरिचारिकेचं 35,400 पासून. दोन्हींवर महागाई आणि घरभाडे भत्ता. सीएचओला 25,000 मानधन आणि कामाच्या निर्देशांकांवर जास्तीत जास्त 15,000. हे वरचे 15,000 घराच्या हप्त्यात धरू नका. किती जणांची बीपी-शुगर तपासली, किती नोंदी पोर्टलवर चढल्या, यावर ते कमीजास्त होतात.

कामाचं म्हणाल तर शिकायला मेडिकलसारखी जागा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, पार बालाघाट-छिंदवाड्यापासून रेफर झालेला पेशंट इथे येतो. अपघात, साप चावलेला, अर्धवट जळालेली बाई, सगळं एकाच पाळीत दिसतं. रात्रपाळीला वॉर्डात खाटा भरल्या की गाद्या खाली पडतात, आणि सलाइन बदलायला नातेवाइकांच्या पायांमधून वाट काढत जावं लागतं. पाठीचा कणा पहिल्या वर्षातच बोलायला लागतो. शिवाय बदली यवतमाळ, अकोला, गोंदियाला होऊ शकते, हे अर्ज भरतानाच लक्षात असू द्या.

उपकेंद्रावरचं काम अगदी वेगळं. साधारण 5,000 लोकसंख्या, आदिवासी भागात 3,000. सोबत एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, आणि आशाताई. मधुमेह, रक्तदाब, तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करायची, गरज पडली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलायचं. रात्रपाळी नाही, निर्णय बराचसा आपला. पारशिवनी किंवा भिवापूरकडची पोरगी असेल, घरात लहान लेकरू असेल, तर ही नोकरी बाप्पा खरंच सोयीची आहे. मात्र ती राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी. 10 वर्षं पूर्ण केलेल्यांना समकक्ष रिक्त पदांच्या 30 टक्के जागांवर सामावून घ्यायचं शासनाने 2024 मध्ये ठरवलं, तरी अंमलबजावणीसाठी 2025 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. त्या भरवशावर लग्न-घर ठरवू नये.

महानगरपालिकेची भरती निघाली तर तीही भरा. शहराबाहेर बदलीचं भय तिथे नाही. फक्त ती कधी निघेल त्याचा नेम नाही.

एक काम मात्र आजच करा. नॉरसेटला ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. विजा-भज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) हे प्रवर्ग केंद्रात वेगळे नाहीत. त्यांतल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी ओबीसी म्हणूनच अर्ज करायचा. तो केंद्राचा दाखला निघायला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.