दाट, लांब केसांसाठीची मोठी स्विमिंग कॅप: घ्या, पण माप बघून

बहुतेक तरणतलावांवर कॅप सक्तीची असते. दुकानात सहज मिळते ती साधी कॅप बॉबकटला ठीक. कंबरेपर्यंत वेणी असलेल्या बाईच्या डोक्यावरून ती दुसऱ्याच लॅपला सटकते, आणि महिन्याभरात बाई पणजीतल्या कांपालच्या तलावावर यायचीच बंद होते. याला आळस म्हणू नये. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १०३ आफ्रिकन-अमेरिकन बायकांना विचारलं, तेव्हा दहापैकी जवळजवळ चौघींनी केसांपायी कधी ना कधी व्यायाम टाळल्याचं सांगितलं. तिकडे घाम आणि पाणी लागलं की सरळ करून घेतलेले केस पुन्हा कुरळे होतात, पार्लरचे पैसे वाया. आपल्याकडे पावसाळ्यात दाट केस संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत, एवढाच फरक.

मोठ्या सिलिकॉन कॅपला मागच्या बाजूला जास्तीची जागा असते. माप केसांच्या लांबीवर नाही, आंबाड्याच्या आकारावर घ्या. फार मोठी घेतलीत तर आत पाणी भरून मान मागे ओढली जाते.

घालायची रीत महत्त्वाची. वळेसर, आकडे, पिना सगळं काढा. सिलिकॉनला एक टोक लागलं की चीर वाढतच जाते. आधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, कारण भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो. सैल वेणी घालून आंबाडा मानेजवळ खाली बांधा. डोक्याच्या मधोमध बांधला तर कॅप वर चढते. दोन्ही हात आत घालून कॅप ताणा, पुढची कड कपाळावर टेकवा, मागे ओढा आणि तळव्याने हवा बाहेर दाबा. नखं लावू नका. खोबरेल तेल चोपडून येणाऱ्यांची कॅप घसरणारच, शिवाय तेल तलावात उतरतं.

केस कोरडे राहतील ही आशा सोडा. कडेने पाणी शिरतंच. कॅपचं काम केस आवरायचं आणि क्लोरीनचा मारा कमी करायचं. पोहून झाल्यावर केस लगेच धुवा. कॅपही साध्या पाण्यात खळबळून, आतून पुसून सावलीत वाळवा. ओली तशीच पिशवीत राहिली तर गोव्याच्या दमट हवेत बुरशी धरते.

साध्या कॅपपेक्षा ही महाग पडते, तरी रोज पोहणारीला परवडते. स्पर्धेला उतरणाऱ्या मुलींनी मात्र आधी नियम विचारावेत. आफ्रो, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या दाट कुरळ्या केसांसाठी बनवलेल्या ‘सोल कॅप’ला जागतिक जलतरण महासंघाने टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, २०२१ मध्ये, परवानगी नाकारली होती, ती २०२२ मध्ये मिळाली. ती मंजुरी त्या कॅपची. म्हापशाच्या दुकानातल्या बिननावाच्या मोठ्या कॅपला ती आपोआप लागू होत नाही.