नियमाला पक्के, शेवटाला कच्चे: कमी पैशांतले काही विज्ञानपट

कमी पैशांत विज्ञानपट काढायचा तर दिग्दर्शकाच्या हातात एकच भांडवल उरतं: नियम. यंत्र काय करतं, काय करत नाही, त्यातून कोण अडकतं, एवढं पक्कं ठरवलं की एक खोली आणि चार माणसं पुरतात. खाली ज्या सिनेमांबद्दल लिहिलंय त्यांतला प्रत्येक जण आपला नियम पाळतो तोवर उत्तम चालतो आणि नियम सोडून भावनेकडे किंवा भव्यतेकडे वळला की घसरतो. शेवट कुठेही फोडलेले नाहीत.

'प्रायमर' (2004) हा यांतला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात प्रामाणिक. शेन कॅरथने लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि मुख्य भूमिका असं सगळं स्वतः केलं. खर्च सुमारे 7,000 डॉलर, लांबी 77 मिनिटं. त्या वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला ज्युरींचं मुख्य पारितोषिक मिळालं. लोक याला 'कळतच नाही' म्हणून सोडून देतात, पण त्यातले दोन मित्र जे कालयंत्र बनवतात (ते त्याला बॉक्स म्हणतात), त्याचा हिशोब एकदा मांडला की निम्मं काम झालं. बॉक्स सकाळी चालू करायचा. आपण दिवसभर हॉटेलच्या खोलीत, कुणाशी संपर्क न ठेवता बसायचं. दुपारी बॉक्समध्ये शिरायचं. बाहेर सहा तास गेले असतील तर आतही सहा तासच काढायचे आणि सकाळी, बॉक्स चालू झाला त्या क्षणी, बाहेर पडायचं. मग तेच सहा तास पुन्हा जगायचे, या वेळी कुठला शेअर चढणार हे माहीत असताना. म्हणजे 24 तासांचा दिवस 36 तासांचा होतो, आणि अंगावर तो दिसतोही. बॉक्स चालू होण्याच्या आधी मात्र कुणालाच जाता येत नाही. या एका अटीतून सगळं कथानक निघतं. कुणीतरी एक बॉक्स गुपचूप आधीपासून चालू ठेवला असेल, तर तो कुणी आणि कधी, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक दृश्याला लटकलेला राहतो.

पहिल्यांदा बघताना गाडी हमखास दोन जागी अडते. एक, निवेदन करणारा आवाज नेमका कोणाचा आणि तो कुठल्या वेळेतून बोलतोय हे सुरुवातीला धरलं जात नाही. दोन, बॉक्सची घडी होते आणि तो दुसऱ्या बॉक्समधून मागे नेता येतो, ही माहिती घाईत बोलली जाते. तेवढं कान देऊन ऐकलं तर उत्तरार्ध बऱ्यापैकी सुटतो. संवाद एकमेकांवर चढतात, त्यामुळे सबटायटल लावूनच बघावा. त्यात कमीपणा काही नाही.

दोष आहेतच. वाढदिवसाच्या पार्टीत एका मुलीचा जुना प्रियकर बंदूक घेऊन येतो, सगळी धावपळ त्या प्रसंगापायी चाललेली असते, आणि तो प्रसंग आपल्याला नीट दाखवलाच जात नाही. तिथे पैसे कमी पडले असतील असं वाटत नाही. त्या मुलीत, त्या पार्टीत दिग्दर्शकाला रसच नाही, असं वाटतं. दोन मित्रांमधला विश्वास तुटतो तेव्हा डोकं गरगरतं, पोटात मात्र काही हलत नाही. तरीही हा दोनदा बघण्यासारखा आहे, आणि दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा चांगला वाटतो.

'कोहेरन्स' (2013) याच्या उलट टोकाचा. इथे माणसं आधी आहेत, गणित नंतर. आठ मित्र जेवायला जमलेत, वरून धूमकेतू जातोय, दिवे जातात, आणि गल्लीत फक्त एका घरात उजेड दिसतो. जेम्स वॉर्ड बर्किटने हा स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित केला. नटांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती. रोज प्रत्येकाला आपापल्या पात्रापुरती चिठ्ठी मिळायची, समोरचा काय करणार ते माहीत नसायचं. म्हणूनच पहिल्या 20 मिनिटांतली बडबड इतकी खरी वाटते: कुणीतरी वाक्य तोडतं, कुणी जुन्या प्रेयसीचा विषय काढतं आणि टेबलावर क्षणभर शांतता पसरते.

ही बडबड कंटाळवाणी म्हणून पुढे ढकलू नका. एम नावाच्या मैत्रिणीच्या फोनची काच तडकते ते दृश्य, कोण बाहेर गेलं, किती जण परतले, हातातल्या प्रकाशकांड्या (ग्लो स्टिक) निळ्या की लाल, हे सगळं पुढे पुरावा म्हणून लागतं. त्यात सर्वांत सुरेख आहे ती खूण पटवायची युक्ती. प्रत्येकाच्या फोटोमागे फासा टाकून आलेला आकडा लिहायचा, सोबत घरातली एखादी सहज हाती लागलेली वस्तू ठेवायची आणि पेटी बंद करायची. उजेड असलेल्या त्या दुसऱ्या घरातली माणसं म्हणजे आपलीच प्रतिरूपं, ती आपल्यासारखाच विचार करतात, त्यामुळे विचार करून निवडलेली खूण निरुपयोगी ठरते. फासा मात्र तसाच पडेल याची खात्री नाही. एवढं नेमकं शास्त्र लाखो डॉलरच्या सिनेमांतही सापडत नाही.

आणि मग हाच सिनेमा भौतिकशास्त्राचं पुस्तक गाडीतून काढून मोठ्याने वाचायला लावतो. श्रोडिंगरच्या मांजराची गोष्ट (पेटी उघडेपर्यंत आतलं मांजर जिवंतही आणि मेलेलंही मानायचं, हा विचारप्रयोग) पात्रांच्या तोंडून ऐकवायची काहीच गरज नव्हती. प्रेक्षक तोवर पेटीवरूनच समजलेला असतो. हातातल्या कॅमेऱ्याचा फोकस वारंवार सुटतो. काही ठिकाणी अस्वस्थता वाढवायला त्याची मदत होते, बाकी ठिकाणी डोळे दुखतात. शेवटची दहा मिनिटं मात्र ठाम जमली आहेत. या यादीत शेवट निभावून नेणारा खरं तर हा एकच.

स्पॅनिश 'टाइमक्राइम्स' (2007) काळात जेमतेम तासभर मागे जाण्याच्या फेऱ्यावर उभा आहे. दुर्बिणीतून जंगलात बघणारा मध्यमवयीन हेक्टर, कात्री घेतलेला, चेहऱ्यावर गुलाबी पट्टी गुंडाळलेला माणूस, आणि टेकडीवरची प्रयोगशाळा. मोजून चार पात्रं. पट्टी गुलाबीच का, इथपर्यंत सगळ्याला उत्तर मिळतं, आणि ते उत्तर मिळतं तेव्हा अंगावर काटा येतो. खटकते ती जंगलातली मुलगी. फेरा पूर्ण करायला तिला कपडे काढायला लावलं जातं, पळवलं जातं, आणि तिची स्वतःची बाजू कधी येतच नाही. श्रेयनामावलीतही तिला नाव नाही. नियम इतका घट्ट बसवला की माणूस खिळ्यासारखा वापरला गेला.

जपानी 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स' (2020) बघताना मात्र चेहऱ्यावर हसू राहतं. कॅफेतला टीव्ही आणि वरच्या खोलीतला संगणक यांच्यात दोन मिनिटांचा फरक आहे: वरच्या पडद्यावर खालचं दोन मिनिटं पुढचं दिसतं. दोन्ही पडदे समोरासमोर ठेवले की दोनाची चार, चाराची सहा मिनिटं होतात. 70 मिनिटांचा हा सिनेमा फोनवर चित्रित करून एकाच शॉटसारखा जोडला आहे. पडद्यावरचं पात्र आधी चित्रित झालेलं, समोरचं आत्ता बोलतंय. त्यामुळे एक वाक्य दोन सेकंद लांबलं तरी सगळी जुळणी कोसळली असती. नाटकमंडळीच हे करू जाणोत, आणि हा काढणारी युरोप किकाकु ही नाटकमंडळीच आहे. गुंडांची टोळी येते तिथून खेळ थोडा पोरकट होतो, आणि शेवटी बाहेरून आणलेली पात्रं तर सरळ नकोशी वाटतात. दोन मिनिटांच्या नियमातूनच शेवट काढायला हवा होता.

'द व्हास्ट ऑफ नाइट' (2019) कानांनी बघायचा सिनेमा आहे, हेडफोन लावूनच. 1950 च्या दशकातलं न्यू मेक्सिकोमधलं गाव, सगळे बास्केटबॉलच्या सामन्याला गेलेले, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकटी ऑपरेटर फे, जिला लाइनवर एक अनोळखी आवाज ऐकू येतो. कॅमेरा जवळपास 10 मिनिटं तिच्यावरून हलत नाही. ती प्लग काढते, खोचते, एकाला थांबवून दुसऱ्याला जोडते, आणि हळूहळू तिचा आवाज बदलतो. सिएरा मॅककॉर्मिकचं हे काम कुठल्याही मोठ्या अभिनेत्रीच्या तोडीचं आहे. रेडिओवर फोन करणारा माणूस बोलत असताना पडदा चक्क काळा होतो, तोही निर्णय अचूक. मग एका म्हातारीचं लांबलचक निवेदन गती मारतं, आणि तासभर फक्त ऐकवून उभं केलेलं गूढ शेवटी डोळ्यांना दाखवलं जातं. दाखवायला नको होतं.

'द मॅन फ्रॉम अर्थ' (2007) मध्ये तर यंत्रही नाही. एक प्राध्यापक निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांना सांगतो की आपण 14,000 वर्षं जगतोय, आणि ते त्याची उलटतपासणी घेतात. लेखक जेरोम बिक्सबीने ही पटकथा 1998 मध्ये मरणशय्येवर पूर्ण केली. चित्र घरगुती व्हिडिओसारखं सपाट, संगीत गरजेपेक्षा गोड, शेवटचा योगायोग ओढून आणलेला. पण 'तुला त्या काळचं भूगोलाचं ज्ञान कसं?' यासारख्या शंकांना तो जे उत्तर देतो, की मला माझ्याबद्दल जे कळलं ते तुमच्याच पुस्तकांतून, तिथे लेखकाची ताकद दिसते. 2017 चा पुढचा भाग त्या खोलीतून बाहेर पडतो आणि प्रश्न विचारणारे तोलामोलाचे लोकच मागे राहतात. तो नाही बघितला तरी चालेल.