लेसरनं दाखवलेल्या नऊ किडक्या दाढा

साताऱ्यात पतसंस्थेत मी एकोणीस वर्षं व्हाउचर तपासते. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी आकडा जुळल्याशिवाय सही करत नाही. तीच मी एका आकड्यावर भुलून तेरा हजार पाचशे रुपये मोजून आले.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी शिबिर होतं. ‘मोफत लेसर दंत तपासणी, कीड दिसण्याआधीच पकडा.’ दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल आणि पेनासारखं टोक असलेलं छोटंसं यंत्र. तपासणारा मुलगा टी-शर्टातला, गळ्यात ओळखपत्र नाही. दहावीतली लेक नाश्ता करून थेट खाली आलेली, पोहे आणि वर कंदी पेढा. त्यानं तिला चूळ भरायलाही सांगितलं नाही. टोक दाढेवर टेकवलं की यंत्र कुईं करायचं, आणि आकडा चढेल तसा तो आवाज चिरका व्हायचा. २८, ३४, ४१. शेजारच्या काकू मान लांब करून बघत होत्या. एवढ्या लोकांत आपल्याच पोरीच्या तोंडातून तो आवाज येतोय म्हटल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं का सांगू.

नऊ दाढांत ‘सुरुवातीची कीड’. पोवई नाक्याच्या अलीकडे त्यांचा दवाखाना. तिथले डॉक्टर म्हणाले, एका दाढेला बावीसशे, शिबिराचा दर पंधराशे, तोही आज सगळे पैसे भरले तर. एक्स-रे नाही. आरसा तोंडात घालून नीट बघणंही नाही, शिबिरातला कागद बघून थेट खुर्चीत. त्या दिवशी डावीकडच्या चार दाढा कोरून भरल्या, उजवीकडच्या पाच पुढच्या रविवारी. पावतीवर काय लिहिलं होतं? ‘लेसर ट्रीटमेंट, ९ नग.’ नग! पतसंस्थेत असं व्हाउचर आलं असतं तर मी शिपायाच्या हाती परत पाठवलं असतं.

त्या रात्री लेक म्हणाली, “आई, या बाजूनं गार पाणी प्यायलं की ठणकतं. आधी नव्हतं होत.” तेव्हा कुठं माझं डोकं चालायला लागलं.

बुधवारी रजा टाकून तिला कराडकडच्या एका दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत नेलं. तिथल्या मॅडमनी आधी उजवीकडच्या पाचही दाढा ब्रशनं घासल्या, हवेनं सुकवल्या आणि दिवा ओढून बराच वेळ नुसत्या डोळ्यांनी बघत बसल्या. मग बाइटविंग एक्स-रे, म्हणजे फिल्म दातांत चावून धरून काढतात तो. त्यानंतर कपाटातून त्यांचं लेसरचं यंत्र काढलं. नाव डायग्नोडेंट. आधी एका चांगल्या दातावर टोक धरून शून्य लावून घेतलं, मगच दाढांवर नेलं. शिबिरात ज्या दाढेवर ४१ आला होता, तिथं १२. पाचांतल्या चार दाढा १५च्या आत. फक्त एकीवर २४ आला आणि तिच्या खाचेत खडूसारखा पांढुरका डाग होता.

“पण ताई, यंत्र खोटं नाही बोलत,” मॅडम म्हणाल्या. “याचा लाल प्रकाश ६५५ नॅनोमीटरचा. किडीतल्या जंतूंनी तयार केलेली द्रव्यं त्या प्रकाशात चमकतात आणि ती चमक यंत्र ० ते ९९ मध्ये मोजतं. कीड ते ओळखत नाही. अन्न, चहाचा डाग, कीटण, दात साफ करायची पेस्ट, यांतलं काहीही चमकू शकतं.” मला पटेना. तेव्हा त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं आणि माझ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिथं वर्षानुवर्षांचं कीटण बसलंय, तिथं टोक धरलं. कुईं! ७२. आरसा धरून दाखवलं, त्या दाताला कीड म्हणून नव्हतीच.

त्या पांढुरक्या डागाला त्यांनी हातही लावला नाही. वरचं कवच फुटून खड्डा पडला नसेल तर कोरायचं नसतं, म्हणाल्या. फ्लोराइडचं वार्निश लावलं, रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासून झोपायला सांगितलं, दिवसभराचं गोड चघळणं बंद, तीन महिन्यांनी परत दाखवा. लाळेतलं कॅल्शियम तिथं पुन्हा बसतं आणि अशी कीड थांबू शकते. म्हणजे ‘लवकर पकडा’ यातला फायदाच हा, की मशीन लावून कोरावं लागू नये. आमच्याकडे नेमकं उलटं झालं.

मी विचारलं, डावीकडच्या चारांचं काय? मॅडम जरा थांबल्या. भरलेल्या दाढेवर या यंत्राचा आकडा धरता येत नाही, आणि आत आधी काय होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही. पुरावाच खोदून टाकलेला.

पाच दाढांचे साडेसात हजार मागायला गेले. आधी ‘यंत्रावर तुमचा विश्वास नाही का’, मग ‘पाच दाढा सडल्या तर जबाबदारी तुमची’, शेवटी अडीच हजार ‘प्रशासकीय खर्च’ कापून पाच हजार हातावर ठेवले. तपासणीचा कागद मागितला तर म्हणे फायलीत सापडत नाही. माझ्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो होता, शेजारच्या काकूंना दाखवायला काढलेला.

तोच फोटो, ती नगांची पावती आणि कराडचा एक्स-रे घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहितेय. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारून घेतलं. कुणी तुमच्या मुलांना असा आकडा दाखवला तर तीन गोष्टी विचारा: दात साफ करून सुकवले होते का, डोळ्यांना आणि एक्स-रेत काय दिसलं, आणि पावतीवर दाताचा नंबर लिहिणार का. दातांना नंबर असतात, हे मलाही कराडलाच कळलं. लेकीची ती पांढुरक्या डागाची दाढ ४७ नंबरची.

परवा गोडोलीत त्याच शिबिराचं बॅनर दिसलं. ‘मोफत’ या शब्दाची अक्षरं आमच्या वेळेपेक्षा मोठी होती.