अ‍ॅव्होकाडो टोस्ट: सिडनीचा की चिलीचा?

फळ तेच, पण दोन घराण्यांची चाल वेगळी. कॅफेच्या मेन्यूवर हा टोस्ट रुळवण्याचं श्रेय सहसा सिडनीच्या बिल ग्रेंजर यांना देतात, साल १९९३. चिलीत मात्र ‘पान कॉन पाल्ता’ म्हणजे न्याहारीला किंवा संध्याकाळच्या ‘ओन्से’ला, म्हणजे चहाच्या वेळी खायचा साधा घरगुती पाव. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये स्तंभलेखक बर्नार्ड सॉल्ट यांनी २२ डॉलरचा टोस्ट खाणारे तरुण तेच पैसे घरखरेदीसाठी का साठवत नाहीत, असा विषय काढला. लेख खरं तर मध्यमवयीनांच्या कुरबुरीची थट्टा होता, पण लोकांच्या लक्षात राहिला टोस्टच.

सिडनीच्या पद्धतीला साउरडोची (आंबवलेल्या पिठाच्या आंबटसर पावाची) दीड-दोन सेंटिमीटर जाड स्लाइस लागते. ती दोन्ही बाजूंनी कडक भाजा. कमी भाजली तर गराचा ओलावा शोषून पाच मिनिटांत मऊ पडते. एका मध्यम फळात दोन स्लाइस होतात. गर काट्याने जाडसर ठेचा, मिक्सरला लावू नका, त्याची गुळगुळीत पेस्ट होते. मग चमचाभर लिंबूरस, मीठ आणि वर खारट फेटा चीज.

चिलीत मर्राकेता पाव मधोमध उघडून गरम करतात आणि गर मीठ घालून चांगला मऊ कुस्करून पसरतात. हवं तर थोडं तेल किंवा लिंबू, बस्स. इथे चव झाकायला काहीच नसतं, म्हणून कच्चं किंवा काळे डाग पडलेलं फळ लगेच उघडं पडतं. सिडनीवाला फेटाच्या आड थोडंफार निभावून नेतो.

फळ देठाजवळ हलकं दाबलं की किंचित दबायला हवं. कडक असेल तर केळ्यासोबत कागदी पिशवीत दोन-तीन दिवस ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ते मऊ पडतं, पिकत नाही. गर जितका बारीक कुस्कराल तितक्या पेशी फुटतात, हवा लागते आणि तो लवकर काळा पडतो; लिंबामुळे हे थोडं लांबतं. उरलेल्या गरात बी ठेवण्याचा फायदा फक्त बीखालच्या भागापुरता. त्यापेक्षा गराला चिकटेल असं प्लास्टिक झाका.

रोजच्या घाईला चिलीचा पाव. पाहुणे असतील आणि साउरडो ताजा मिळाला असेल तर सिडनीचा. पण शिळा, रबरी साउरडो असेल तर तेव्हाही चिलीचाच बरा.