नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन विद्यापीठात वर्षभर : अडीच तारे

अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन विद्यापीठात बिझनेसच्या पदवीला प्रवेश घेतला, त्याला वर्ष होत आलं. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर पाच तारे दिले असते. आता अडीच देतेय, आणि त्यातले दोन नुसत्या वेळापत्रकाला.

वेळापत्रक खरंच सोयीचं आहे. एका वेळी एकच विषय, पाच आठवड्यांत संपतो. दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास जमतो. हा साचा जॉन स्पर्लिंग या प्राध्यापकांच्या युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्सचा. 1976 मध्ये त्यांनी ती काढली, तेव्हा नोकरदार प्रौढांकडे मोठी विद्यापीठं फारशी बघतही नव्हती. 1989 मध्ये, इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी ऑनलाइन पदवी सुरू केली. 1994 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. माणूस द्रष्टा होता, यात वाद नाही. (माझं विद्यापीठ फीनिक्स नव्हे. पण बिऱ्हाड वेगळं असलं तरी घराणं तेच.)

शिकवणं मात्र पातळ. चर्चेच्या पानावर आठवड्याला ठरावीक पोस्ट टाकायच्या, सहाध्यायांच्या पोस्टखाली ‘छान मुद्दा’ लिहायचं, हजेरी लागली. शिक्षक अर्धवेळ; बिचारे करून करणार किती? निबंधांवरचे शेरे बहुतेक कॉपी-पेस्ट. ग्रुप असाइनमेंटमध्ये निम्मा ग्रुप तिसऱ्या आठवड्यात गायब.

मेहनत दिसली ती प्रवेश विभागाची. सही होईपर्यंत सल्लागारबाईंचा रोज फोन, मुलांच्या परीक्षेचीसुद्धा चौकशी. फी परत मिळण्याची मुदत उलटली आणि फोन थांबले.

याला इतिहास आहे. विद्यार्थी आणण्यावर कमिशन द्यायला 1992 पासून बंदी होती, 2002 मध्ये तिला पळवाटा मिळाल्या. अशाच कमिशनच्या आरोपांवरून फीनिक्सच्या मूळ कंपनीने, अपोलोने, 2009 मध्ये चूक कबूल न करता सरकारला 6 कोटी 75 लाख डॉलर दिले. फीचा मोठा हिस्सा सरकारी मदतीतून आणि कर्जातून येतो. उत्पन्नात त्याचा वाटा 90 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. पण माजी सैनिकांचा शिक्षणभत्ता बरीच वर्षं त्या 90 मध्ये धरतच नव्हते. म्हणून भरती करणारे त्यांच्या मागे हात धुऊन लागत. ही फट बुजवणारा कायदा 2021 मध्ये झाला.

2010 च्या सुमारास फीनिक्समध्ये साडेचार लाखांहून जास्त विद्यार्थी होते. 2010 मध्येच सरकारी तपासनीस विद्यार्थी बनून नफ्यासाठी चालणाऱ्या 15 कॉलेजांत गेले, आणि पंधराच्या पंधरा ठिकाणी त्यांना दिशाभूल करणारी माहिती मिळाली. चौकशीचं वारं फिरलं तसं फीनिक्सने नवख्यांसाठी तीन आठवड्यांची मोफत ओळख सुरू केली : कर्ज काढण्याआधी झेपतंय का ते बघा. झालं, नवे प्रवेश धाडकन घसरले. मला हा तपशील सगळ्या खटल्यांपेक्षा बोलका वाटतो. माल आधी वापरून बघू दिला की गिऱ्हाईक कमी होतं, यात मालाबद्दल काय ते आलंच. 2012 मध्ये शंभरावर केंद्रं बंद करायचं ठरलं, 2017 मध्ये कंपनी सुमारे 110 कोटी डॉलरना खासगी गुंतवणूकदारांकडे गेली. तरी ती तगली. याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्या, कॉरिंथियन 2015 मध्ये आणि आयटीटी टेक 2016 मध्ये, बंदच पडल्या. कॉरिंथियनच्या विद्यार्थ्यांचं 580 कोटी डॉलरचं कर्ज सरकारला 2022 मध्ये माफ करावं लागलं.

माझ्या विद्यापीठाला टाळं लागेल असं दिसत नाही. पण क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे गुण, दुसऱ्या कॉलेजात ‘कुठेही चालतात’ असं फोनवर सांगितलं होतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेजात) विचारलं, तर त्यांनी इंग्रजी आणि गणित तेवढं धरलं, बाकी विषय पुन्हा करा म्हणाले. पुढच्या सत्रापासून तिकडे जातेय. तुम्ही प्रवेश घेणार असाल, तर ज्या कॉलेजात पुढे जायची शक्यता आहे त्यांनाच क्रेडिटचं लेखी विचारा, आणि अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या वेबसाइटवर पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि कर्जाचा आकडा आधी बघा. सल्लागार हे दोन आकडे आपणहून सांगत नाहीत.