रहस्यकादंबरी: आधी आराखडा की लिहीत लिहीत शोध?

पहिली रहस्यकादंबरी लिहायला बसलेल्याला हा प्रश्न हमखास अडवतो: गुन्हेगार आधी ठरवायचा, की लिहिता लिहिता सापडू द्यायचा?

वेळेचा हिशेब पाहा. आराखडा करताना पहिले काही आठवडे एकही पान होत नाही, पण पुनर्लेखन आटोक्यात राहतं. आराखड्याविना खर्डा भरभर होतो. मात्र गुन्हेगार शेवटच्या टप्प्यात ठरला, तर मागची प्रकरणं उघडून धागे, म्हणजे उकलीकडे नेणाऱ्या खुणा, पेरावे लागतात.

खरी कसोटी या धाग्यांचीच. आराखडा करणाऱ्याने २ रकाने आखावेत: गुन्ह्याच्या दिवशी प्रत्यक्ष काय घडलं, आणि वाचकाला ते कोणत्या प्रकरणात कळतं. महत्त्वाचा धागा उकल होण्याआधी किमान २ वेळा दिसावा, एकदा तरी भलत्याच गोष्टीच्या आडून. मोकळं लिहिणाऱ्यालाही हाच तक्ता लागतो, फक्त खर्डा संपल्यावर. तो टाळला की संशयित स्वतःला ठाऊक नसलेलीच गोष्ट बोलून जातो, नाहीतर मृत्यूची वेळ साक्षीशी जुळत नाही.

पात्रांच्या बाबतीत पारडं फिरतं. आराखड्यात माणसं कथानकाची प्यादी होतात. प्रत्येक संशयिताला खोटं बोलायला स्वतःचं कारण द्या, हा दोष बराच कमी होतो.

मुदत ठरलेली असेल किंवा रहस्य मिनिटामिनिटाच्या हिशेबावर बेतलेलं असेल, तर आराखडाच घ्यावा. गुन्हा 'का' घडला हे केंद्र असेल आणि तिसऱ्या खर्ड्यापर्यंत सवड असेल, तर मोकळं लिहावं.