लहान प्लॉटवरचं पहिलं घर: चौदा महिने राहिल्यानंतर

प्लॉट 20 बाय 40 फुटांचा. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडल्यावर बांधायला उरलं 15 बाय 30. बाहेरच्या दोन नऊ इंची भिंतींनी त्यातला दीड फूट खाल्ला. आतल्या भिंती साडेचार इंची घेतल्या, तरी प्रत्येक इंचावर वाद झाला. सगळ्यात मोठा वाद जिन्याचा.

पहिल्या नकाशात दहा फूट उंचीला 8 इंचांच्या 15 पायऱ्या होत्या, पाऊल ठेवायला 9 इंच. मी हट्टाने 18 करून घेतल्या: उंची पावणेसात इंचांहून किंचित कमी, पाऊल 10 इंच. यात हॉलचे सतरा इंच गेले आणि ते तेव्हा फार जिवावर आलं. आज आई दिवसातून चार वेळा गच्चीवर जाते, कठड्याला हात न लावता. लहान प्लॉटवर घर उभं वाढतं, म्हणजे दिवसभर माणूस जिन्यातच असतो. तिथे जागा वाचवू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

जिन्याच्या माथ्यावर उघडता येणाऱ्या खिडक्या ठेवल्या, हेही फार चांगलं झालं. दोन्ही बाजूंना शेजारची घरं अगदी जवळ, त्यामुळे आडवा वारा नाहीच. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून ताजी आत येते. संध्याकाळी हा फरक अंगाला कळतो. त्याच वाटेने आवाजही चढतो. सकाळी खाली मिक्सर लावला की वरच्या खोलीतलं बाळ उठतं. वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी दार हवं होतं.

चूक झाली ती डक्टची, म्हणजे बाथरूमचे पाइप नेणाऱ्या उभ्या पोकळीची. दीड फूट रुंद ठेवला, पाइप बसले, काम झालं असं वाटलं. आठव्या महिन्यात एका जोडातून पाणी झिरपायला लागलं आणि प्लंबर आत शिरेना. शेवटी बाथरूमच्या बाजूने भिंत फोडली. माणूस आत उभा राहून पाना फिरवू शकेल एवढा, म्हणजे किमान अडीच फूट, डक्ट हवाच.

बाथरूमच्या फरशीआधी मात्र 48 तास पाणी तुंबवून ठेवलं होतं. ठेकेदार कुरकुरला, पण खालच्या छताला एका कोपऱ्यात, पाइपाभोवती, ओल दिसली. फरशी बसल्यावर तीच ओल शोधायला सगळं उखडावं लागलं असतं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटोही काढला होता, वायरिंगच्या पाइपाशेजारी टेप धरून. परवा शेल्फ ठोकताना तो फोटो उघडला, पाइप अगदी तिथेच होता.

वरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडत राहतो. गच्चीला पांढरा परावर्तक लेप दिल्यावर बरंच सुसह्य झालं. तो बांधकामातच द्यायला हवा होता.

डक्टचं काम अजून बाकी आहे. मागच्या मोकळ्या जागेकडून भिंतीला दोन बाय अडीच फुटांचं दार पाडून घेणार आहे. कॉलम आणि बीम तिथे नाहीत, हे नकाशावरून इंजिनिअरने तपासून दिलं आहे.